बेकायदा फेरफार असलेली जुनी गाडी डीलरकडून घेताना: तपासणी, कागदपत्रे आणि फसवणूक झाल्यास करायची कार्यवाही

जुन्या गाड्यांच्या डीलरकडे रुंद टायर, गडद काचा, पुढे लोखंडी क्रॅश गार्ड आणि घुमणारा सायलेन्सर असलेली गाडी चटकन नजरेत भरते आणि तिची ओळखही ‘आधीच्या मालकाने एवढा खर्च केला आहे, तुम्हाला सगळे आयतेच मिळते आहे’ अशीच करून दिली जाते. त्या खर्चाबरोबर आणखी एक गोष्ट आयती मिळते, तिचा उल्लेख सहसा होत नाही: गाडीतले बेकायदा बदल तिच्यासोबत नव्या मालकाकडे येतात आणि रस्त्यावर गाडी अडवली गेली की उत्तर त्यालाच द्यावे लागते. असा व्यवहार करताना काय, कोणत्या क्रमाने तपासावे, कोणती गोष्ट कागदावर घ्यावी आणि गाडी घेतल्यानंतर फेरफार उघड झाले तर काय करावे, याची मांडणी येथे भारतातील खासगी मोटारगाड्यांपुरती केली आहे.

कायदा नेमका काय सांगतो

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील वेगळे ठरतील असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हाच अर्थ ठामपणे मांडला. अपवाद आहेत, पण ते मोजके आहेत. मान्यताप्राप्त किट बसवून गाडी सीएनजीवर किंवा एलपीजीवर चालवणे, इंजिन बदलणे, दिव्यांग व्यक्तीसाठी गाडी अनुरूप करून घेणे अशा गोष्टी विहित अटी पाळून आणि आरटीओकडे नोंद करून करता येतात. गाडीचा रंग बदलला तरी आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते. सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम, फ्लोअर मॅट यांसारख्या ज्या गोष्टींनी गाडीची रचना बदलत नाही, त्यांची काळजी करण्याचे कारण नाही. मात्र सीटच्या बाजूला एअरबॅग असलेल्या गाडीत तो भाग पूर्ण झाकणारे कव्हर असेल, तर ते काढून टाकावे.

शिक्षेच्या तरतुदी तीन वेगवेगळ्या व्यक्तींना लागू होतात आणि खरेदीदाराने हा फरक नीट समजून घ्यायला हवा. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये, जो मालक स्वतः बेकायदा फेरफार करतो त्याला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्याच कलमानुसार, नियमबाह्य स्थितीतील गाडी विकणाऱ्या किंवा विक्रीला ठेवणाऱ्या डीलरला प्रत्येक गाडीमागे एक लाख रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. तिसरी व्यक्ती म्हणजे गाडी चालवणारा. रस्तासुरक्षा, आवाज किंवा वायुप्रदूषणाची मानके मोडणारी गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवली, तर कलम १९०(२) खाली पहिल्या गुन्ह्यालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही आणि शिवाय तीन महिन्यांसाठी वाहन चालवण्याच्या परवान्यासाठी अपात्रता अशी तरतूद आहे. सायलेन्सर कोणी बदलला हा प्रश्न कलम १९०(२) मध्ये येतच नाही. ‘हे आधीच्याने केले आहे’ हे उत्तर कलम १८२अ खाली काही अंशी उपयोगी पडू शकते, कलम १९० खाली मात्र त्याचा उपयोग नाही. याशिवाय, कायद्याच्या अटी न पाळणाऱ्या गाडीची नोंदणी दोष दूर होईपर्यंत निलंबित करण्याचा अधिकार कलम ५३ ने नोंदणी प्राधिकाऱ्याला दिलेला आहे.

कलम १८२अ च्या डीलरविषयक भागाला एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी अट, जोडलेले आहे आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली ती सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. गाडी कोणत्या प्रकारे नियमबाह्य आहे हे विक्रीच्या वेळी समोरच्या पक्षाला सांगितले होते, असे डीलरने सिद्ध केले तर त्याला या कलमाखाली दोषी ठरवता येत नाही. म्हणून छापील विक्रीपत्रात बारीक अक्षरांत ‘वाहनातील सर्व बदलांची माहिती खरेदीदारास देण्यात आली आहे’ असे वाक्य असेल आणि आपण न वाचता सही केली असेल, तर डीलरची सुटका आपल्याच सहीने होऊ शकते. असे वाक्य दिसले तर ते खोडून घ्यावे, नाहीतर त्याखाली प्रत्येक बदलाची यादी हाताने लिहवून घ्यावी.

पहिला टप्पा: गाडी पाहण्याआधी डीलर आणि कागद पाहा

नोंदणीकृत जुन्या गाड्यांचा व्यवसाय करणाऱ्या डीलरला नोंदणी प्राधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घ्यावे लागते, असे नियम डिसेंबर २०२२ मध्ये अधिसूचित होऊन १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. या व्यवस्थेत मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची सूचना ऑनलाइन नोंदवली जाते आणि तेव्हापासून डीलर हाच त्या गाडीचा मानीव मालक, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मालक, समजला जातो. त्यामुळे अधिकारपत्राची प्रत आणि या गाडीच्या ताब्याची नोंद या दोन गोष्टी आधी मागाव्यात. ‘आम्ही फक्त मधले आहोत, पावती मूळ मालकाच्या नावाची निघेल’ असे उत्तर मिळाले, तर उद्या तक्रारीची वेळ आल्यावर हाच डीलर ‘मी विक्रेताच नव्हतो’ असे म्हणणार, हे आजच ओळखावे. टोकनपासून शेवटच्या रकमेपर्यंत प्रत्येक पावती डीलरच्या व्यवसायाच्या नावाने घ्यावी आणि पैसे बँकेतूनच द्यावेत.

त्यानंतर आरसीवरील इंधन, रंग, आसनक्षमता, इंजिनाची घनक्षमता, इंजिन क्रमांक आणि चेसिस क्रमांक एका कागदावर उतरवून घ्यावेत व एमपरिवहन या सरकारी ॲपवर जे तपशील दिसतात त्यांच्याशी ताडून पाहावेत. गाडीकडे जाताना हा कागद हातात असला पाहिजे, कारण पुढची बरीचशी तपासणी म्हणजे या कागदाची समोरच्या गाडीशी तुलना आहे. उत्पादकाच्या संकेतस्थळावरून किंवा जुन्या माहितीपत्रकावरून त्याच मॉडेलच्या त्याच प्रकाराला मुळात किती इंची चाके, कोणत्या मापाचे टायर आणि किती एअरबॅग होत्या, हेही लिहून न्यावे.

दुसरा टप्पा: गाडीवरील खुणा

सुरुवात चेसिस क्रमांकापासून करावी. पत्र्यावर कोरलेल्या क्रमांकाभोवती घासल्याच्या रेषा, आजूबाजूपेक्षा वेगळा किंवा ताजा रंग, अक्षरांची असमान खोली वा वेल्डिंगची कड दिसली, तर पुढे काहीही पाहू नये आणि तिथून निघावे. हे प्रकरण मॉडिफिकेशनच्या पलीकडचे आहे आणि कोणत्याही सवलतीने ते भरून निघत नाही. उच्च सुरक्षा नोंदणी पाटी असलेल्या गाडीच्या पुढच्या काचेवर आतून एक स्टिकर असतो, त्यावर नोंदणी क्रमांकाबरोबर पाटीवरचा लेझर क्रमांक, इंजिन क्रमांक आणि चेसिस क्रमांक छापलेले असतात. पेट्रोल आणि सीएनजी गाडीला हा स्टिकर फिकट निळा, तर डिझेल गाडीला नारिंगी असतो. तो आपल्या कागदाशी जुळतो का, हे पाहायला एक मिनिट पुरते.

मग चावी घेऊन चालकाच्या जागेवर बसावे. इंजिन सुरू न करता इग्निशन चालू केले की डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा आणि एअरबॅगचा दिवा दोन्ही पेटले पाहिजेत. एअरबॅगचा दिवा काही सेकंदांत विझतो आणि इंजिनाचा दिवा इंजिन सुरू झाल्यावर जातो. यांपैकी एखादा दिवा पेटलाच नाही, तर दोष लपवण्यासाठी तो बंद केलेला असण्याची शक्यता असते. बाहेरून आणलेले स्पोर्ट्स स्टिअरिंग बसवलेल्या गाडीत चालकाची एअरबॅग अनेकदा गेलेली असते आणि तिच्या वायरला रेझिस्टर जोडून दिव्याची समजूत घातलेली असते. म्हणून दिवा बरोबर वागला तरी स्टिअरिंग मूळचे नसेल, तर एअरबॅग नाही असेच धरून चालावे. स्टिअरिंगखालच्या पोर्टला ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकात साठलेले दोष वाचणारे उपकरण, लावून घ्यावा. साठवलेले दोष तर पाहावेतच, पण गाडीचा संगणक स्वतःच्या यंत्रणेच्या ज्या स्वयंचाचण्या करतो, त्यांची स्थितीही पाहावी. बहुतेक चाचण्या ‘अपूर्ण’ दिसत असतील, तर दोषांची नोंद नुकतीच पुसलेली आहे किंवा बॅटरी नुकतीच काढून जोडलेली आहे. अशा वेळी बरेच अंतर चालवून पुन्हा स्कॅन करू देण्याची मागणी करावी आणि डीलरने नकार दिला तर तो नकारही लक्षात ठेवावा.

एक्झॉस्टकडे विशेष लक्ष द्यावे, कारण दंडापासून इंजिनाच्या आयुष्यापर्यंत सर्वाधिक नुकसान येथूनच होते. गाडी लिफ्टवर घेऊन इंजिनापासून मागच्या टोकापर्यंत पाइप डोळ्यांनी तपासावा. मध्येच नवीन वेल्डिंग असलेला सरळ पाइपाचा तुकडा दिसला, तर तेथे पूर्वी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील विषारी वायू कमी करणारा भाग) होता का, हे मूळ रचनेच्या चित्राशी ताडून पाहावे. बीएस-६ या प्रदूषण मानकानुसार बनलेल्या डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो शाबूत असलेल्या गाडीच्या पाइपाचे टोक आतून बऱ्यापैकी स्वच्छ राहते. गाडी थंड असताना पाइपात बोट फिरवावे. बोटाला दाट काळी काजळी लागली, तर फिल्टर काढलेला, पोकळ केलेला किंवा फुटलेला असण्याचा संशय घ्यावा. इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्याचा प्रकार, ज्याला सर्रास रिमॅप म्हणतात, डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये सॉफ्टवेअरची आवृत्ती तपासून घेणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

सीएनजी किटबाबत लोक बेफिकीर असतात. आरसीवर इंधन नुसते ‘पेट्रोल’ असेल आणि डिकीत सिलिंडर असेल, तर ते किट बेकायदा आहे, मग ते कितीही नामांकित कंपनीचे असो. नोंद असली तरी किटचे मान्यतापत्र, बसवणाऱ्या केंद्राचा दाखला आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी करायची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखालील मजबुतीची चाचणी) यांचे कागद मागावेत, आणि सिलिंडरवर कोरलेला क्रमांक त्या कागदांशी जुळवावा. विमा पॉलिसीतही किटची नोंद असली पाहिजे.

बाकीच्या गोष्टी तुलनेने लवकर उरकतात. चाके मडगार्डच्या बाहेर आलेली असतील, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या अस्तराला घासत असेल किंवा टायरचा व्यास मूळ मापापेक्षा बराच मोठा असेल, तर ब्रेकचे अंतर, बेअरिंग आणि स्पीडोमीटर तिन्ही बिघडतात. स्प्रिंग कापून बसकी केलेली गाडी घेऊच नये. क्रॅश गार्ड आणि बुल बार बेकायदा असल्याचे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले होते. ते थेट चेसिसला जोडलेले असतात आणि धडकेच्या वेळी एअरबॅगच्या सेन्सरपर्यंत पोहोचणारा धक्का बदलतो, म्हणून ते काढताना बंपरमागचे आधार आणि सेन्सर जागेवर आहेत का, हेही पाहावे. काचांमधून समोरून व मागून किमान ७० टक्के आणि बाजूंनी किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, ही मर्यादा कायम आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काळ्या फिल्मवर दिलेल्या आदेशापासून पोलीस याकडे विशेष लक्ष देतात. कर्कश किंवा अनेक सुरांचा हॉर्न, लाल-निळे चमकणारे दिवे आणि नक्षीदार नंबरप्लेट हे काढायला सोपे आहेत, त्यामुळे त्यांच्यासाठी चांगली गाडी सोडण्याचे कारण नाही. छत कापून बसवलेले सनरूफ मात्र वेगळ्या वर्गात मोडते, कारण छताचा पत्रा हा गाडीच्या बळकटीचा भाग असतो आणि तो कापल्यावर पूर्ववत होत नाही.

तिसरा टप्पा: प्रश्न लेखी विचारा

दिसलेल्या बदलांची तीन भागांत विभागणी करावी: आरसीवर नोंदवलेले, काढून मूळ स्थितीत आणता येण्याजोगे, आणि कायमचे. तिसऱ्या भागात एक जरी बाब असेल, तरी माझा सल्ला गाडी सोडून देण्याचा आहे. किंमत कमी करून घेण्याचा मोह होतो, पण खासगी गाडीच्या नोंदणीला पंधरा वर्षे झाल्यावर नूतनीकरणाच्या तपासणीत तीच अडचण पुन्हा उभी राहते आणि तोवर प्रत्येक विमा दाव्यात ती सोबत असते.

उरलेल्यांसाठी डीलरला ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर सरळ प्रश्न विचारावा: ‘या वाहनात उत्पादकाच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे असलेले सर्व बदल कोणते, त्यांपैकी कोणत्या बदलांची नोंद आरसीवर आहे, आणि काढलेले मूळ भाग कोठे आहेत, हे कृपया लेखी कळवावे.’ यामागे कायदेशीर कारण आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १९ नुसार, विक्रेता नुसता गप्प राहिला आणि खरेदीदाराला सामान्य काळजी घेऊन सत्य कळू शकले असते, तर करार रद्द करण्याचा हक्क खरेदीदाराला मिळत नाही. उलट, थेट प्रश्नाला जाणूनबुजून खोटे उत्तर दिले गेले असेल तर ते नुसते मौन राहत नाही, ती सरळ फसवणूक ठरते. ‘सगळे ओके आहे, काळजी नको’ असे मोघम उत्तर आले, तर तोच प्रश्न बदलांची नावे घालून पुन्हा विचारावा.

चौथा टप्पा: टोकन, विक्रीपत्र आणि ताबा

टोकन द्यायचेच असेल तर पावतीवर ‘अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या तपासणी अहवालात अघोषित फेरफार आढळल्यास पूर्ण रक्कम परत’ असे लिहून घ्यावे. ही तपासणी आपल्या निवडीच्या ठिकाणी आणि आपल्या खर्चाने करावी. डीलरच्या ओळखीच्या गॅरेजचा अहवाल कितीही गुळगुळीत छापलेला असला, तरी तो डीलरचाच समजावा.

विक्रीपत्रात कोणता बदल कोण काढणार, कोणत्या तारखेपर्यंत काढणार आणि मूळ भाग कोण आणणार, हे बाबनिहाय लिहावे आणि उरलेली रक्कम काम पूर्ण झाल्यावरच द्यावी. मूळ सायलेन्सर, मूळ चाके आणि मूळ दिवे आधीच्या मालकाकडे पडून असण्याची बरीच शक्यता असते. त्यांची मागणी या टप्प्यावर केली तरच ते मिळतात, ताबा घेतल्यानंतर त्यांचा पत्ता लागत नाही. ‘जशी आहे तशी’ या शब्दांना घाबरून जाऊ नये. एवढ्या एका ओळीने लपवलेल्या दोषाबद्दल तक्रार करण्याचा हक्क संपत नाही, पण ती ओळ ठेवायची असेल तर तिच्यापुढे ‘सोबतच्या यादीतील बदल वगळता वाहन उत्पादकाच्या मूळ रचनेप्रमाणे आहे’ हे डीलरचे विधान जोडून घ्यावे.

गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५, तर हस्तांतरणासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. हस्तांतरण वेळेत होणे दोन्ही बाजूंच्या हिताचे आहे, कारण अपघाताच्या भरपाईत नोंदीवर ज्याचे नाव असते तोच मालक धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. विमा आपल्या नावावर करण्यासाठी चौदा दिवसांच्या आत अर्ज करावा आणि त्याच अर्जात गाडीत उरलेले कायदेशीर बदलही कळवावेत. न कळवलेल्या बदलाचे निमित्त करून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला किंवा कमी केला जाऊ शकतो.

गाडी घेतल्यानंतर फेरफार उघड झाले तर

पहिली प्रतिक्रिया म्हणून तो भाग लगेच उतरवून टाकावासा वाटतो, पण आधी पुरावा तयार करावा. फेरफाराची छायाचित्रे किलोमीटरचा आकडा आणि चेसिस क्रमांक दिसेल अशा क्रमाने काढावीत, अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर दोष, तो मूळ रचनेपेक्षा कसा वेगळा आहे आणि पूर्ववत करण्याचा अंदाजे खर्च लिहून घ्यावा, आणि मगच तो भाग काढावा. काढलेला भाग टाकून देऊ नये. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग किंवा सीएनजी यांच्याशी संबंधित दोष असेल, तर तो दूर होईपर्यंत गाडी चालवू नये.

त्यानंतर डीलरला ईमेल आणि नोंदणीकृत टपालाने पत्र पाठवून, पूर्ववत करण्याचा खर्च हवा आहे की गाडी परत घेऊन रक्कम हवी आहे, ते स्पष्ट लिहावे आणि पंधरा दिवसांची मुदत द्यावी. दोन्ही मागण्या मोघमपणे एकत्र केलेले पत्र कमकुवत ठरते, म्हणून एक मुख्य आणि दुसरी पर्यायी असे मांडावे. उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. पुष्कळ प्रकरणे येथेच मिटू शकतात, पण हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही.

आदेश हवा असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागते. ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणे तेथे चालतात, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते आणि वकील देणे बंधनकारक नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. डीलरशी चाललेल्या पत्रव्यवहारामुळे ती थांबते असे समजू नये. तपासणीशिवाय ठरवता न येणारा दोष असेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, म्हणून अशा प्रकरणात गाडी शक्यतो आहे त्या स्थितीत ठेवण्याची परवानगी तक्रारीतच मागावी. याला समांतर, कलम १८२अ खालील कारवाईसाठी आणि डीलरच्या अधिकारपत्राबाबत आरटीओकडे लेखी अर्ज देता येतो. त्या अर्जाची पोच घेऊन ती आयोगापुढील कागदांत जोडावी.

प्रकरण लांबले म्हणून वैतागून गाडी पुढे विकायची ठरवली, तर फेरफारांची यादी नव्या खरेदीदाराला लेखी देऊन त्याची सही घ्यावी आणि आयोगापुढे तक्रार प्रलंबित असेल तर विक्रीपूर्वी आयोगाला कळवावे, कारण गाडी हातातून गेल्यावर दोषाची तपासणी करून घेण्याचा मार्ग बंद होतो.